ज्वारीच्या मुलखात गहू टाळताना

"सोलापुरात राहून तुला कसली अडचण? भाकरी खायची की!"

मला सिलियाक हा आतड्याचा आजार आहे, गहू आयुष्यभराचा बंद आहे, असं सांगितलं की बहुतेक लोक हेच म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पंजाबात किंवा दिल्लीत हा आजार निघाला असता तर दोन वेळची रोटीच गेली असती. आमच्याकडे ताटातली मुख्य वस्तू मुळात ज्वारीची. भाकरी, आमटी, शेंगाचटणी, दही, कांदा. या जेवणात गहू नाहीच. पण भाकरी खायला मिळणं वेगळं आणि त्या भाकरीत गव्हाचा कणही नसणं वेगळं. माझी सगळी धडपड या दोन गोष्टींच्या मध्ये चाललेली असते, आणि ती बाहेरून कुणाला दिसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. राहायला जुळे सोलापूर. घरी नवरा, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, म्हणजे ज्वारीच्या कोठारातलं. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आत्यांनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून देवघराच्या शेजारी लावली होती.

आजार कळायला फार उशीर लागला, कारण माझी पोटाची तक्रार अशी नव्हतीच. जुलाब नाहीत, दुखणं नाही, अधूनमधून गॅस धरायचा एवढंच. तक्रार होती थकव्याची. हिमोग्लोबिन साडेसात-आठच्या आसपास घुटमळायचं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले, बीट तर इतकं खाल्लं की मुलगा मला बीट म्हणूनच हाक मारायला लागला. सलाईनमधून लोह दिलं की आकडा वर जायचा, काही महिन्यांत परत खाली. तोंड सतत आलेलं. जिना चढून आलं की उंबऱ्यात बसावं लागायचं. "बायकांना असतंच हे," असं मला डॉक्टरांनीही सांगितलं, नातेवाइकांनीही सांगितलं.

शेवटी एका डॉक्टर बाईंनी साधा प्रश्न विचारला: गोळी पोटात जाते, मग लोह रक्तात का येत नाही? त्यांनी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी लिहून दिली. ती बरीच वाढलेली आली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे तपासले आणि निदान पक्कं झालं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांमधलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. ते झिजून सपाट होतात. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या भागात शोषलं जातं, नेमका तोच भाग आधी बिघडतो. म्हणून माझ्या सगळ्या खजुरांचा उपयोग शून्य होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण याबाबतीत लोक घाई करतात. शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नका. गहू बंद केला की या तपासणीत मोजली जाणारी रक्तातली प्रतिद्रव्यं हळूहळू कमी होतात, आतडं सुधारायला लागतं, आणि मग तपासणी खोटा दिलासा देते. आधी तपासणी, मग पथ्य, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कसा उलगडला ते वाचून मी फार हलले होते. विलेम डिके नावाचे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. 1950 मध्ये डिकेंनी आपला प्रबंध मांडला. त्याआधी या मुलांना नेमकं काय टाळायला हवं हेच नीट कळत नव्हतं, आणि कित्येक मुलं दगावायची. आज मला फक्त ही दोन-तीन धान्यं सोडायची आहेत आणि या आजारासाठी औषधाची गोळीही नाही, याची जाणीव ठेवूनच मी हे पथ्य करते.

आता लोकांचं दुसरं नेहमीचं वाक्य. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हे मला फार जवळच्या माणसांकडून ऐकावं लागतं, आणि प्रेमानेच ऐकावं लागतं. त्रास झाला तरच नुकसान, असा हा आजार नाही. मला घासभर पोळीने काही दुखणार नाही कदाचित, पण आतलं काम सुरू होतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण 8 ते 10 टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर, 5 ग्रॅम, कणीक मिसळली तर त्या किलोत 400-500 मिलिग्रॅम ग्लूटेन गेलं. मर्यादेच्या 20 ते 25 पट. हा हिशेब मी एकदा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडला आणि त्याच संध्याकाळी गिरणीत गेले.

कारण चमचाभर कणीक गिरणीत कुठेही असते. आमच्या गिरणीत सकाळपासून रात्रीपर्यंत गहू, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, भाजणी, सगळं एकाच दगडावर दळलं जातं. आधीच्या बाईचं दळण संपलं तरी दगडाच्या खाचांत, खालच्या पेटीत, पीठ जिथून पडतं त्या कापडी नळीच्या घड्यांत पीठ उरतंच. काका नळीला दोन थापा मारतात, पीठ झडतं, आणि पुढचं दळण सुरू होतं. आपल्याकडच्या बायका पूर्वीपासून म्हणतात, "ज्वारीवर ज्वारी टाका हो, गव्हावर टाकू नका." भाकरीची चव बिघडू नये म्हणून म्हणतात. त्यामुळे काकांना माझं म्हणणं लगेच समजलं. ते म्हणाले, "ताई, तुमचं दळण मी सकाळी पहिल्या नंबरला टाकतो. आधी माझ्या घरची ज्वारी दोन किलो दळून घेतो, मग तुमचं." माझ्या आजाराचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं, पण बरेच दिवस त्यांनी हे न चुकता केलं. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तरी हवेत उडणारं पीठ कुणाच्या हातात नसतं. आहारतज्ज्ञांनी सांगितलं की शक्य असेल तर घरी दळा. दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून घरघंटी घेतली. तिच्यात आजवर ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि हरभराडाळ याशिवाय दुसरं काही पडलेलं नाही. शेजारच्या वहिनी एकदा रात्री डबा घेऊन आल्या. गिरणीत लाइट नव्हती आणि सकाळी मुलाच्या डब्याला पोळ्या हव्या होत्या. दोन किलो गहू फक्त. मला त्यांना दारातून परत पाठवावं लागलं. मी आमच्याकडचं ज्वारीचं पीठ देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. महिनाभर जिन्यात भेटल्या की त्या मान वळवायच्या. मग एक दिवस मी त्यांना वर बोलावलं, माझे दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले आणि आतड्याचं चित्र दाखवलं. त्या बराच वेळ बघत बसल्या. आता त्यांची ज्वारी आमच्याकडे दळली जाते, आणि ती निवडून आणायची हे त्यांना सांगावं लागत नाही.

निवडण्याचं काम मोठं आहे. घरघंटी आली म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल, पण गहू शेतापासूनच बरोबर येतो. रब्बीला एका बांधावर ज्वारी, दुसऱ्या बांधावर गहू. मळणीचं यंत्र तेच, पोती तीच, आडतीतला काटा तोच. आत्यांच्या भावाकडून मालदांडी येते. हा वाण मूळ आपल्या जिल्ह्यातला, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला, आणि भाकरीला त्याच्या तोडीचं काही नाही असं आत्यांचं ठाम मत आहे. पोतं आलं की दुपारी उन्हं उतरल्यावर त्या गॅलरीत बसतात. सुपात दोन ओंजळी ज्वारी घेतात, पाखडतात, मग सूप किंचित तिरकं धरून बोटाने दाणे पसरतात. मालदांडीचा दाणा गोल, टपोरा, मोत्यासारखा पांढरट पिवळा. गव्हाचा दाणा लांबट, तपकिरी, पोटावर चीर असलेला. चष्मा नाकावर ओढून त्या एकेक गहू चिमटीत धरून बाजूच्या वाटीत टाकतात. त्या वाटीतले गहू चिमण्यांना. पोतं नवं असलं की पहिल्या दिवशी वाटीचा तळ झाकला जातो. मग धुऊन, कापडावर वाळवून दळण. मी म्हटलं, आत्या, मी करते, तुमचे डोळे दुखतील. "तू हिशेब कर, मी दाणे बघते," म्हणाल्या.

सुरुवातीला घरात दोन स्वयंपाक होते. पोळपाट-लाटणं वेगळं, तवा वेगळा, परात वेगळी, कणकेचा डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात. नवरा नीट करायचा, पण पोळी लाटताना पीठ उडतं ते उडतंच, आणि माझ्या भाजीच्या कढईवर बसतं. ओट्याच्या एका बाजूला मी उभी, दुसऱ्या बाजूला पोळ्या चाललेल्या, आणि जेवताना ताटं वेगळी. एका रविवारी आत्यांनी कणकेचा डबा उचलून कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला. "घरात एकीचं जेवण वेगळं नको. आमचं बालपण भाकरीवरच गेलं, पोळी सणाला दिसायची," एवढंच बोलल्या. तेव्हापासून आमच्या घरात कणीक येत नाही. मुलगा बाहेर, आजोळी, मित्राकडे पोळी खातो. घरी आला की भाकरी. त्याने कुरकुर केली नाही असं नाही, पण तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेल्या मऊ भाकऱ्या त्याच्या डब्यात जातात आणि रिकामा डबा परत येतो.

सणाला आत्या पुरण घालतात ते उकडीच्या मोदकात. कटाची आमटी नेहमीसारखीच. गुढीपाडव्याला पहिल्यांदा पुरणाचे मोदक केले तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी विचारलं होतं, "आज काय गणपती आहे का?" आता त्याच विचारतात, पुरणाचे मोदक आहेत ना.

स्वयंपाकघरात गहू लपून बसतो त्या जागांबद्दल लिहायलाच हवं. सगळ्यात आधी हिंग. बाजारातल्या डबीतला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. सोलापूरच्या प्रत्येक आमटीत, प्रत्येक भाजीच्या फोडणीत हा हिंग पडतो. मी खडा हिंग आणते, तोही विचारून. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर कणीक घालायची बऱ्याच घरांची पद्धत आहे. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतं. मुलांना दुधातून देतात त्या माल्टच्या पावडरीत जव असतं. बाहेरच्या भज्यांच्या बेसनात काय असेल याचा भरवसा नाही, आणि ते शुद्ध असलं तरी कढईतलं तेल समोशाचं. पाकिटबंद मालावर 2020 च्या लेबलिंगच्या नियमांमुळे ग्लूटेनयुक्त धान्य असल्यास तसं छापावं लागतं, त्यामुळे निदान वाचता तरी येतं. सुट्या मालाचं तसं नाही. औषधाच्या गोळीबद्दलही औषधवाल्याला विचारायची सवय लावून घेतली आहे.

उलट उपवासाचे पदार्थ आमचे मित्र. भगर, राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे, रताळी. कुणाकडे अचानक जावं लागलं तर मी म्हणते, माझ्यासाठी उपवासाचं करा. लगेच कळतं, कुणी दुखावत नाही, आणि उपवासाच्या स्वयंपाकाला भांडी आधी धुऊन घ्यायची रीत आपल्याकडे आहेच. त्यात हिंगही पडत नाही. फक्त शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलं हे विचारून घ्यायचं.

खपली गव्हाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. "जुना गहू आहे, देशी आहे, यानं काही होत नाही," असं म्हणून माझ्यासाठी प्रेमाने खपली आणणारी माणसं आहेत. माझ्या चुलत सासऱ्यांनी तर त्याची खीर शिजवून डब्यात आणली होती. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. मधुमेहाच्या माणसाने तो खावा की नाही हा वेगळा विषय, सिलियाक असलेल्याने तो अजिबात खायचा नाही. हे मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं आणि खीर मुलाला वाढली.

वेळ अमावास्येला आम्ही अक्कलकोट तालुक्यात मैत्रिणीच्या शेतावर जातो. मार्गशीर्षातली अमावास्या, पाच पांडवांची पूजा, कडब्याची कोप. तिथलं जेवण तर जणू माझ्यासाठीच ठरवलेलं. बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या आणि ओल्या शेंगांच्या दाण्यांची भज्जी, माठातली ज्वारीची आंबील. फक्त गव्हाची खीर सोडायची. मैत्रिणीच्या आई खिरीची पळी दुसऱ्या कशात जाऊ देत नाहीत, त्यासाठी खिरीचं पातेलंच कोपीच्या दुसऱ्या बाजूला ठेवतात. आणि थोडं पुढे हुरडा. आरावर भाजलेलं कणीस हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, बरोबर शेंगाचटणी आणि गूळ. त्यात गहू नाही, गिरणी नाही, हिंग नाही. वर्षभरात एवढं निर्धास्त मी दुसरीकडे कुठेही खात नाही.

लग्नाकार्यांचं मात्र तसं नाही. पळी एक, वाढपी घाईत, पोळीचा हात भातात. आमच्याकडच्या लग्नांत हुग्गी असते, म्हणजे गव्हाची खीरच. पूर्वी मी लग्नाला जाऊन न जेवता यायचे. त्यात यजमानांचा जीव तुटतो. मुलीची आई हातातलं काम टाकून विचारायला येते, "काय झालं? काही चुकलं का आमचं?" आता मी दोन दिवस आधी फोन करते आणि सांगते, मी पंगतीत तुमच्याबरोबर बसणार, ताटात माझा डबा असेल, वाईट वाटून घेऊ नका. ओळखीचे आचारी असले तर सकाळीच मुदपाकखान्यात जाते. आचारी बहुतेक समजून घेतात. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या एका लग्नात माझ्या कारखान्यातल्या मैत्रिणीने आचाऱ्यांना तेलुगूत समजावलं, तर त्यांनी भाताचं पातेलं उतरल्याबरोबर पहिला भात नव्या पळीने माझ्यासाठी काढून झाकून ठेवला. मला त्या दिवशी जेवताना गळा भरून आला.

ही मैत्रीण कारखान्यात पॅकिंग विभागात आहे. शनिवारी ती चिंचेचा भात आणते, घरी केलेला पुळिहोरा. माझं कळल्यापासून तिने त्यातला हिंग काढून टाकला. तिच्या नवऱ्याला तो भात आता बेचव लागतो म्हणे. मी तिला म्हटलं, माझ्यासाठी कशाला, तर म्हणाली, "शनिवारी एकटी जेवू का मग?"

प्रसादाचं काम सगळ्यात नाजूक. सत्यनारायणाचा शिरा नाकारायचा म्हणजे देवाला नाकारल्यासारखं लोकांना वाटतं. मी प्रसाद हातात घेते, कपाळाला लावते आणि मुलाच्या हातात देते. तीर्थ घेते, केळं घेते. मुलगा बरोबर नसेल तर रुमालात बांधून घरी आणते. एका घरी गुरुजींनीच पुढच्या वेळी सांगितलं, नैवेद्यात थोडी खडीसाखर आणि फळं वेगळी ठेवा, या ताईंना तीच द्या. धार्मिक माणसांना हे पटवणं अवघड जाईल असं मला वाटायचं. उलट त्यांनाच पथ्य म्हणजे काय हे चटकन कळतं. अवघड जातं ते जे म्हणतात "हल्ली सगळ्यांनाच ग्लूटेनचं फॅड लागलंय" त्यांना. वजन कमी करायला चार दिवस गहू सोडणारे आणि आम्ही, दोघांना एकच शब्द लागतो, आणि त्यामुळे हॉटेलातला पोऱ्या आमचं बोलणं हसण्यावारी नेतो. एका ठिकाणी भाकरी मागवली तर ज्या परातीत रोट्यांची कणीक मळली होती त्याच परातीत ती थापलेली मी बघितली. तेव्हापासून बाहेर भाकरी खात नाही.

प्रवासात फार विचार करावा लागत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचं तर आत्यांनी केलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, दही, काकडी. कडक भाकरी महिनाभरही टिकते. विकतची घ्यायची झाली तर बचत गटाच्या बाईंना पीठ कुठे दळता हे विचारते, आणि उत्तर गिरणीचं आलं की नमस्कार करून निघते. 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं, पाव, पास्ता पुण्यात मिळतात, इथेही मागवता येतात. महाग असतात आणि खूपदा नुसता स्टार्च असतो. मुलाच्या वाढदिवसाला केक हवा म्हणून एकदा 'ग्लूटेन-फ्री' पीठ आणलं होतं, पुन्हा आणलं नाही. आमच्या भागात या आजाराच्या माणसाने पाकिटांच्या मागे लागून पैसे घालवावेत असं मला मुळीच वाटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी, भाज्या, दूध-दही. खर्च करायचाच तर घरघंटीवर करा.

वर्षभराने तपासणी केली तेव्हा टीटीजी निम्म्याहून खाली आलं होतं, हिमोग्लोबिन साडेअकरा. लोहाची गोळी तीच, आता लागू पडत होती. आता जिना चढून मी थेट स्वयंपाकघरात जाते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार घराण्यात असतो. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला असू शकतो, तेव्हा सगळ्यांची तपासणी करा, तक्रार असो वा नसो. मुलाची आली ती व्यवस्थित, पुढे परत करायची आहे. आई टाळत होती, तिचीही केली, नाही निघाला. भाऊ पुण्यात असतो, धडधाकट माणूस, रविवारी सिंहगड चढणारा. माझ्या आग्रहाखातर रक्त दिलं आणि त्याचाच रिपोर्ट वाढलेला आला. दुर्बिणीच्या तपासणीतही तेच. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्का, मला तर काहीच होत नाही गं." मी म्हटलं, मलाही पोटाचं काही होत नव्हतं.

त्याच्या बायकोला मी सध्या रोज व्हिडिओ कॉलवर भाकरी शिकवते आहे. तिचं माहेर नाशिककडचं, बाजरीची भाकरी येते, पण ज्वारीची थापताना कडा चिरतात. पहिल्यांदा आम्ही इथून पीठच पाठवत होतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी थापली जात नाही. म्हणून आता आत्यांनी निवडलेली ज्वारी पाठवतो, दर महिन्याला दहा किलो, आणि त्यांनी घरघंटी बुक केली आहे. ती येईपर्यंत आठवड्यापुरतंच पीठ, आणि मळताना पाणी चांगलं गरम.